गोंदिया–बल्लारशा दुहेरीकरण: रेल्वेने जंगल, पाणी आणि गवत कसे सांभाळावे?

झाडीपट्टीकर (धागाकर्ता)

एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने गोंदिया–बल्लारशा या सुमारे २४० किलोमीटरच्या एकेरी लोहमार्गाच्या दुहेरीकरणाला मंजुरी दिली. झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, आपल्यासारख्यांना ही बातमी हवीच होती, कारण मालगाडीला वाट देण्यासाठी पॅसेंजर आडस्थानकावर थांबून राहते तेव्हा चंद्रपूरच्या दवाखान्यात निघालेल्या माणसाची काय अवस्था होते, हे येथे कोणाला सांगायला नको. परंतु हाच मार्ग नवेगाव आणि नागझिरा यांच्यामधल्या जंगलपट्ट्यातून जातो आणि पुढे वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल असे करीत ताडोबाच्या पूर्वेकडचे प्रादेशिक जंगल कापतो. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीबाहेरच्या या जंगलातही वाघांची मोठी वस्ती आहे. १५ नोव्हेंबर २०१८ रोजी चिचपल्ली वनपरिक्षेत्रात जुनोन्याजवळ वाघाचे तीन बछडे एकाच गाडीखाली सापडले, ती घटना याच मार्गावरची. चितळ, रानडुक्कर, अस्वल, अजगर मेले तर त्याची बातमीही होत नाही.

रेल्वे पर्यावरणासाठी काही करीत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. ब्रॉडगेजचे विद्युतीकरण जवळजवळ पूर्ण झाले आहे, डब्यांत जैव-शौचालये आली आहेत, स्थानकांच्या छपरांवर सौर पटले दिसू लागली आहेत आणि २०३० पर्यंत निव्वळ शून्य कार्बन उत्सर्जनाचे उद्दिष्ट जाहीर झालेले आहे. तोच माल ट्रकऐवजी रेल्वेने नेला तर टनामागे ऊर्जाही कितीतरी कमी लागते. मात्र कार्बनचे खाते आणि जैवविविधतेचे खाते ही दोन वेगळी खाती आहेत, आणि पहिल्यातली शिल्लक दाखवून दुसऱ्यातली तूट झाकता येत नाही. इंजिन डिझेलचे की विजेचे, याने रूळ ओलांडणाऱ्या सांबराच्या नशिबात फरक पडत नाही. उलट विजेचे इंजिन आवाज कमी करते आणि वेग लवकर पकडते.

आताच बोलण्याचे आणखी एक कारण आहे. अभयारण्यातून जाणाऱ्या प्रकल्पाला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाकडे जावे लागते आणि वनजमीन वळवायची असेल तर वनसंवर्धन कायद्याखालची परवानगी लागते. परंतु २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेच्या यादीत लोहमार्ग नाहीत, त्यामुळे खाणीसाठी किंवा मोठ्या महामार्गासाठी होते तशी जनसुनावणी येथे होत नाही. आपल्याला कोणी विचारायला येईल याची वाट पाहत बसलो तर भराव टाकून झालेला असेल. म्हणून ज्यांना या मार्गाची, रेल्वेच्या कामाची किंवा जंगलाची माहिती आहे त्यांनी येथे लिहावे, ही विनंती. "झाडे लावा" एवढ्यावर थांबू नये. दुसऱ्या रुळाच्या आराखड्यात नेमके काय बसवता येईल, ते हवे आहे.

रोजचा_प्रवासी

सर, विषय रास्त आहे, पण मनातली भीती आधीच मांडतो. अकोला–खंडवा मीटरगेज २०१७ च्या सुरुवातीला बंद झाली आणि अकोटच्या पुढचा प्रश्न मेळघाटात अडकला. नागपूर–नागभीड नॅरोगेज २०१९ च्या अखेरीस बंद झाली आणि उमरेड-भिवापूरकडची माणसे ब्रॉडगेजची वाट वर्षानुवर्षे पाहत राहिली. जंगलाचा मुद्दा निघाला की फाईल थांबते आणि फाईल थांबली की आमची गाडी थांबते, हा आमचा अनुभव आहे. ब्रह्मपुरी-नागभीडकडून रोज चंद्रपूरला जाणारे विद्यार्थी आणि मजूर हेही याच भूमीचे जीव आहेत. आपण सुचवाल त्या उपायांमुळे काम लांबणार असेल तर माझा पाठिंबा गृहीत धरू नये.

रूळवाला

मी आयुष्यभर रेल्वेच्या स्थायी मार्ग विभागात, म्हणजे ज्याला आम्ही पी-वे म्हणतो तेथे, नोकरी केली. प्रवासी भाऊंची भीती खोटी नाही, पण तिचे उत्तर मुद्दा न काढण्यात नसून वेळेवर काढण्यात आहे. आराखड्याच्या टप्प्यावर मोरीचे माप बदलायला एक नकाशा पुन्हा काढावा लागतो. गाड्या धावू लागल्यावर तीच मोरी रुंद करायची तर वाहतूक रोखून, रुळांना तात्पुरता आधार देऊन, रात्रीच्या ब्लॉकमध्ये काम करावे लागते आणि खर्च कैक पटींनी वाढतो. कोर्टकज्जे होतात तेही बहुधा या उशिरामुळेच.

माझ्या मते या धाग्याचा गाभा मोरी हाच आहे. भरावाखालून पाणी जाण्यासाठी दर थोड्या अंतरावर मोऱ्या किंवा छोटे पूल असतात. पाणी नसते त्या आठ महिन्यांत कोल्हा, साळिंदर, रानमांजर, अस्वल आणि कधी बिबट्याही त्यांतून ये-जा करतो. मोऱ्या तपासायला गेलेल्या कोणत्याही ट्रॅकमनला वाळूतले ठसे माहीत असतात. जनावर मोरीत शिरेल की नाही हे पलीकडचा उजेड किती दिसतो यावर बरेच अवलंबून असते. त्याचे साधे गणित असे: मोरीची उंची गुणिले रुंदी, भागिले लांबी. उदाहरणादाखल ३ मीटर उंच आणि ३ मीटर रुंद मोरी एकेरी रुळाखाली ८ मीटर लांब असेल तर हा आकडा १.१ च्या आसपास येतो. तीच मोरी दुसऱ्या रुळासाठी त्याच मापाने १३ मीटरपर्यंत वाढवली की तो ०.७ वर उतरतो. भराव उंच असेल तर लांबी आणखी वाढते आणि आकडा आणखी घसरतो. म्हणजे दुहेरीकरणात कोणीही काहीही वाईट न करता, केवळ जुनी मोरी जशीच्या तशी लांबवली, तरी आज चालू असलेली वाट अंधारा बोगदा होऊन बसते. हरणांच्या जातीचे प्राणी अशा बोगद्यात पाय ठेवत नाहीत. ते भराव चढून रुळावर येतात.

उपाय अवघड नाही. प्राण्यांच्या नेहमीच्या ये-जा करण्याच्या पट्ट्यात, म्हणजे भ्रमणमार्गात, निवडक ठिकाणी नवी मोरी जुनीपेक्षा उंच आणि रुंद घ्यावी, शक्य असेल तेथे दोन रुळांच्या मधल्या भागात वरून उजेड येण्यासाठी फट ठेवावी, तळाला एका कडेने पाण्याच्या वर राहील असा कोरडा कट्टा बांधावा आणि तोंडाशी दगडांचा उभा कठडा न ठेवता मातीचा उतार द्यावा. आपल्या भागात याचा पुरावाही आहे. पेंचच्या महाराष्ट्राकडील भागात राष्ट्रीय महामार्ग ४४ वर प्राण्यांसाठी नऊ भुयारी मार्ग आणि पूल बांधले, त्यांतला सर्वांत लांब ७५० मीटरचा आहे, आणि २०१९ मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेने लावलेल्या कॅमेऱ्यांत वाघासह १८ जातींचे प्राणी त्यांखालून जाताना टिपले गेले. रस्त्याला जे जमले ते रुळाला जमणार नाही असे नाही. उलट गाडी दिवसभर सलग धावत नसते, त्यामुळे लोहमार्गावर प्राण्याला निवांत वेळ जास्त मिळतो.

दुसरी गोष्ट कटिंगची. मार्ग टेकडी कापून जातो तेथे दोन्ही बाजूंना उभ्या भिंती असतात. आत शिरलेले जनावर गाडी आली की रुळावरूनच पुढे धावत सुटते, कारण बाजूला पळायला जागाच नसते. दोन रूळ झाले की त्यात भर पडते: एका गाडीला चुकवून जनावर शेजारच्या रुळावर येते आणि समोरून दुसरी गाडी येत असते. अशा कटिंगमध्ये एका बाजूचा उतार सौम्य करून मध्येमध्ये चढून जाण्याजोग्या वाटा सोडाव्यात. माती तशीही काढायचीच आहे. ती कोणत्या कोनात काढायची एवढाच प्रश्न आहे.

धानाचा_बांध

रूळवाले काका, आपण मोरीचा मुद्दा काढलात म्हणून मी शेतकरी असूनही या चर्चेत पडतो. आमच्या भागातली शेती मामा (माजी मालगुजारी) तलावांवर आणि बोड्यांवर, म्हणजे शेतातल्या छोट्या तळ्यांवर, चालते. तलावाला पाणी येते ते जंगलाच्या उतारावरून, आणि मध्ये रेल्वेचा भराव आडवा आला की मोरी जेथे असेल तेथूनच ते पाणी पुढे सरकते. मोरी चुकीच्या जागी असेल किंवा तिचा तळ उंच असेल तर वरच्या अंगाच्या बांध्यांत धान कुजते आणि खालच्या अंगाची बोडी कोरडी राहते. कागदावर मोरी असते, पण दोन पावसाळ्यांत ती गाळाने अर्धी भरते आणि मग ती ना पाण्याच्या कामाची राहते ना जनावराच्या.

वाघाची वाट आणि तलावाचा येवा एकाच भोकातून जात असेल, तर ही मागणी वन्यजीवप्रेमींची म्हणून पुढे येऊ नये, गावाची म्हणून यावी. शहरातल्या माणसांनी वाघासाठी मागितले की गावात नाके मुरडली जातात, हे येथे सर्वांना ठाऊक आहे. पाण्यासाठी मागितले तर सारी ग्रामसभा मागे उभी राहील.

माझी एक शंका मात्र आहे. अपघात टाळण्यासाठी रेल्वे दोन्ही बाजूंनी जाळीचे कुंपण घालील अशी चर्चा कानावर येते. कुंपण घातले तर रोही आणि रानडुकरांचे कळप रुळाच्या अलीकडे, म्हणजे आमच्या धानात आणि हरभऱ्यात, अडकून पडतील. त्याचे काय?

रूळवाला

भाऊ, शंका योग्य आहे. नुसते कुंपण हा जंगलाचा आणि शेताचा, दोघांचाही तोटा आहे. कुंपण उपयोगी पडते ते मोरीच्या किंवा पुलाच्या दोन्ही अंगांना काही अंतरापर्यंत, जनावराला त्या तोंडाकडे वळवण्यासाठी. वाट न ठेवता घातलेले कुंपण म्हणजे भिंतच. आणि गाळाविषयी म्हणाल तर पावसाळ्यापूर्वी मोऱ्या साफ करणे हे आमच्या विभागाच्या ठरलेल्या कामांपैकीच आहे. ते किती झाले हे गावाने विचारायला हवे, एवढेच.

रानवेली

मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. वरची चर्चा वाचून समाधान वाटले, कारण रेल्वे आणि जैवविविधता म्हटले की बोलणे स्थानकातल्या कुंड्यांवर येऊन संपते. रेल्वेच्या ताब्यातली खरी संपत्ती ही रुळाच्या दोन्ही बाजूंची लांबच लांब पट्टी आहे. वेळोवेळी गवत कापले जाते आणि नांगर सहसा लागत नाही, म्हणून कुसळी, मारवेल, पवन्या यांसारखी गवते गायरानातून हटली तरी येथे कोठेकोठे टिकून आहेत. भरावासाठी माती काढलेले जुने खड्डे पावसाळ्यात भरतात आणि त्यांत बेडूक, चतुर, कमळवर्गीय वनस्पती, क्वचित कासवेही आढळतात. दुहेरीकरणात नेमकी हीच पट्टी आधी जाणार आहे, आणि तिच्यात काय आहे याची नोंद आपल्याकडे नाही.

ब्रिटनमध्ये लोहमार्ग सांभाळणाऱ्या नेटवर्क रेल या संस्थेकडे रुळालगतची सुमारे ५२,००० हेक्टर जमीन आहे. पक्ष्यांच्या विणीच्या हंगामात होणाऱ्या वृक्षतोडीवरून तेथे लोक संतापले, २०१८ मध्ये सरकारने चौकशी करवली आणि त्यानंतर २०२० मध्ये संस्थेने आराखडा मांडला: २०२४ पर्यंत जैवविविधतेचे निव्वळ नुकसान थांबवायचे आणि २०३५ पर्यंत निव्वळ भर घालायची. असे काही ठरवायचे तर आपल्या जमिनीवर आज काय आहे ते आधी मोजावे लागते. आपल्याकडे मंजुरीच्या कागदांत तोडल्या जाणाऱ्या झाडांची संख्या असते, परंतु गवत, पाणथळ खड्डा, वारूळ किंवा मेलेल्या झाडाची ढोली कोणी मोजत नाही. गोंदिया, ब्रह्मपुरी, नागभीड, मूल येथील महाविद्यालयांचे विद्यार्थी स्थानिक प्राध्यापकांच्या देखरेखीखाली ही मोजणी एका पावसाळ्यात करू शकतील; रेल्वेने केवळ परवानगी आणि सुरक्षेसाठी सोबत एक कर्मचारी द्यावा.

आता गवताच्या व्यवस्थेविषयी. लोको पायलटला दूरवर दिसावे म्हणून रुळाजवळची पट्टी कमी उंचीची ठेवणे आवश्यक आहे आणि तेथे जनावर लपूनही राहू नये. परंतु गवत जाळण्याची सवय घातक आहे. जाळलेल्या जागी काही दिवसांत कोवळे फुटवे येतात आणि चितळांचे कळप ते खायला थेट रुळाशी येतात; त्यांच्या मागे वाघ येतो. त्याऐवजी जवळची पट्टी कापावी, कापलेले गवत गावातल्या जनावरांसाठी नेऊ द्यावे आणि बाहेरची पट्टी बी पिकून पडेपर्यंत, म्हणजे साधारण डिसेंबरपर्यंत, तशीच सोडावी. जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचा पावसाळ्यातला हंगाम त्यामुळे आपोआप सांभाळला जातो. तणनाशकाबद्दलही रेल्वेने विचार करावा. जर्मनीच्या डॉइश बान या रेल्वे कंपनीने २०२३ पासून ग्लायफोसेट हे तणनाशक वापरणे सोडले आहे. आमच्याकडे तर ते पाणी थेट मामा तलावात उतरते.

वृक्षारोपणाविषयी माझे मत थोडे वेगळे पडेल. सुबाभूळ, निलगिरी आणि गिरीपुष्प लावून आकडा भरू नये हे सर्वच म्हणतात. पण देशी झाडेही कोठेही लावून चालत नाही. मोह, तेंदू, बोर ही झाडे रुळालगत लावली तर फुला-फळांच्या दिवसांत अस्वल रात्रभर तेथेच राहील. ती रुळापासून दूर, भ्रमणमार्गाच्या आतल्या अंगाला लावावीत; मोरीकडे नेणाऱ्या नाल्याच्या काठाने अर्जुन, करंज, बांबू लावून आडोसा करावा. शिवाय भरावासाठी बाहेरून येणाऱ्या मुरुमासोबत गाजरगवत आणि रानतुळस येते. मुरूम ज्या खाणीतून आणायचा तिच्यावर तण आहे का हे पाहणे कंत्राटाच्या अटींत सहज बसते.

जाता जाता एक उदाहरण सांगते, कारण ते मला फार आवडते. जपानमध्ये काही ठिकाणी रूळ बदलण्याच्या सांध्यांत कासवे अडकून मरत आणि गाड्यांनाही उशीर होई. २०१५ मध्ये जेआर वेस्ट ही रेल्वे कंपनी आणि कोबेचे मत्स्यालय यांनी मिळून सांध्याजवळ रुळाखाली काँक्रीटची उथळ पन्हळ बसवली, कासव रुळांमधून चालत येऊन तीत उतरते आणि बाहेर पडते. तलावांच्या काठाने जाणाऱ्या आपल्या स्थानकांच्या यार्डांत असे करायला किती खर्च येईल?

सातपुडा_पायथा

अकोटकडून लिहितो. प्रवासी भाऊंनी आमच्या मार्गाचा उल्लेख केला, त्यावर एक बाजू मांडणे आवश्यक वाटते. जुनी मीटरगेज मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या आतून जात होती. ती तेथूनच रुंद करावी की हिवरखेड, सोनाळा या बाजूने बाहेरून वळसा घालून न्यावी, हा वाद होता. बाहेरचा मार्ग लांब पडतो हे खरे. परंतु जंगलातल्या मार्गावर आता गावे जवळजवळ उरलेली नाहीत आणि बाहेरच्या मार्गावर संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांतली मोठी वस्ती आहे, जिला कधीच रेल्वे मिळाली नाही. म्हणजे जंगल वाचवणारा मार्ग प्रवाशांच्याही जास्त कामाचा होता. सुरुवातीलाच तो निवडला असता तर मधली वर्षे वाया गेली नसती. आपल्या गोंदिया–बल्लारशा मार्गाला असा वळसा उपलब्ध नाही, त्यामुळे तेथे मोरी, वेग आणि देखभाल यांवरच भिस्त ठेवावी लागेल.

गेज बदलल्यावर काय होते याचे जुने उदाहरण उत्तर बंगालमध्ये आहे. सिलिगुडी–अलिपूरद्वार मार्ग २००४ मध्ये ब्रॉडगेज झाला, गाड्या वाढल्या, वेग वाढला आणि हत्तींचे मृत्यूही वाढले. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्याच्या बाजूने जाणाऱ्या नागपूर–नागभीड मार्गाच्या बाबतीत हे आतापासून लक्षात ठेवायला हवे. नॅरोगेजच्या संथ गाडीला जनावरे चुकवू शकत होती.

यंत्रांविषयी थोडा सावधपणा असावा असे मला वाटते. ईशान्य सीमांत रेल्वेने हत्तींना रुळापासून दूर ठेवण्यासाठी मधमाश्यांच्या गुणगुणण्याचा आवाज लावला, आणि पुढे रुळालगतच्या ऑप्टिकल फायबरवर पावलांची कंपने ओळखणारी "गजराज" ही व्यवस्था आणली. दोन्ही चांगल्या आहेत, पण हत्तीच्या पावलाचे कंपन आणि सहा महिन्यांच्या बछड्याच्या पावलाचे कंपन यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तमिळनाडूत मदुक्कराई येथे २०२४ पासून उष्णता टिपणारे कॅमेरे मनोऱ्यांवर बसवले आहेत, ते तत्त्व वाघ-अस्वलांसाठी अधिक जवळचे वाटते. २०२१ पासून गडचिरोलीत आलेला रानटी हत्तींचा कळप गोंदिया जिल्ह्यापर्यंत फिरून गेला आहे, त्यामुळे हत्तींसाठीची तयारी आपल्याकडेही अनाठायी ठरणार नाही. तरीही सर्वांत स्वस्त उपाय माणसांचाच आहे. राजाजी उद्यानातून जाणाऱ्या हरिद्वार–देहरादून मार्गावर वनखाते, रेल्वे आणि एका वन्यजीव संस्थेने २००२ च्या सुमारास एकत्र गस्त सुरू केली, वळणांवरची झुडपे काढली, पाणवठे रुळापासून दूर नेले, लोको पायलटांना समजावले, आणि त्यानंतर अनेक वर्षे तेथे रेल्वेखाली हत्ती दगावला नाही.

कोळसापट्टी

वणी-घुग्गुस भागातून. विजेच्या इंजिनाचे कौतुक करताना ती वीज कोठून येते हेही पाहावे. चंद्रपूरचे २,९२० मेगावॉटचे औष्णिक केंद्र कोळशावर चालते आणि कोळसा आमच्या दारावरून उघड्या वाघिणींतून, म्हणजे मालडब्यांतून, जातो. सायडिंगवरची, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या बाजूच्या रुळांवरची, धूळ आमच्या कपाशीच्या पानांवर बसते. रेल्वेला टिकाऊपणा साधायचा असेल तर वाघिणी ताडपत्रीने झाकणे, सायडिंगवर पाणी फवारणे आणि ते काळे पाणी नाल्यात न सोडता साठवून पुन्हा वापरणे, ही आमच्याकडची पहिली तीन कामे आहेत. नव्या थ्री-फेज इंजिनांत ब्रेक लावताना वीज तयार होऊन तारेत परत जाते, ही खरोखर मोठी बचत आहे आणि जड कोळशाच्या गाड्यांत ती अधिक मिळते, हे मान्य करतो.

दुसरी बाब धान्याची. गोंदिया भातगिरण्यांचे गाव असल्याने तेथून तांदूळ भरून जातो. पोते फाटले किंवा वाघिणीचे दार नीट बसले नाही की दाणा रुळाच्या गिट्टीत सांडतो आणि रानडुक्कर, मोर, चितळ तेथे रोज येऊ लागतात. कॅनडातल्या बान्फ राष्ट्रीय उद्यानात ग्रिझली अस्वले गाडीखाली येण्यामागे सांडलेले धान्य हे एक कारण असू शकते म्हणून तेथील उद्यान विभाग आणि कॅनेडियन पॅसिफिक रेल्वे यांनी २०१० पासून एकत्रित अभ्यास केला, आणि धान्याच्या वाघिणींची गळती दुरुस्त करण्यात आली. आपल्याकडे माल भरल्यावर दार तपासणे आणि जंगलपट्ट्यात सांडलेला दाणा उचलणे एवढ्याने बराच फरक पडेल. प्रवासी खिडकीतून जे फेकतात त्याबद्दल काय बोलावे. केळीची साल फेकणाऱ्याला वाटते आपण निसर्गालाच परत दिले.

रोजचा_प्रवासी

मोरी, उतार, गवत यांना माझा विरोध नाही हे आता नोंदवतो, कारण त्यांनी गाडी उशिरा धावत नाही. पण वेगमर्यादेचे काय? जंगल आले की गाडी हळू, असे ठरले तर दुहेरीकरणाचा लाभच निघून जाईल.

रूळवाला

आकडेच मांडतो. दहा किलोमीटरचा टप्पा ताशी १०० किलोमीटरने सहा मिनिटांत आणि ताशी ६० ने दहा मिनिटांत होतो. म्हणजे एका टप्प्यामागे चार मिनिटे, त्यात वेग कमी-जास्त करण्याचे एखाद-दोन मिनिट धरा. असे तीन टप्पे निवडले आणि मर्यादा फक्त सूर्यास्त ते सूर्योदय ठेवली, तर रात्रीच्या गाडीला पंधरा-अठरा मिनिटे जास्त लागतील. एकेरी मार्गावर समोरच्या गाडीसाठी एका स्थानकावर थांबण्यात याहून जास्त वेळ जातो, आणि तो दुहेरीकरणाने वाचणारच आहे. भरलेल्या मालगाड्या तशाही इतक्या वेगाने धावत नाहीत.

वेग का कमी करायचा हेही समजून घ्या. ताशी १०० ने धावणारी गाडी सेकंदाला सुमारे २८ मीटर जाते. हेडलाईटचा झोत तीनशे मीटर पोहोचला असे धरले तरी लोको पायलटच्या हाती अकरा सेकंद राहतात, आणि गाडी थांबायला त्याहून कितीतरी जास्त अंतर लागते. तो शिटी वाजवण्यापलीकडे काही करू शकत नाही. ६० वर तेच अंतर अठरा सेकंदांचे होते, आणि जनावराला बाजूला व्हायला हे जादा सात सेकंद पुष्कळ असतात. मात्र संपूर्ण जंगलपट्ट्यावर सरसकट मर्यादा मागू नये. तशी मागितली की ती नाकारली जाते, किंवा कागदावर राहते. जेथे जनावरे वारंवार ओलांडतात ते टप्पे पुराव्यासह दाखवले तर कॉशन ऑर्डर, म्हणजे गाडी हळू चालवण्याचा लेखी आदेश, काढणे विभागीय कार्यालयाच्या हातात असते.

जुलै २०२४ मध्ये मध्य प्रदेशात बुधनी-मिडघाट भागात तीन बछडे गाडीखाली आले, तेव्हा जखमी दोघांना भोपाळला नेण्यासाठी रेल्वेने एका डब्याची खास गाडी सोडली होती. ते दोघेही पुढे वाचले नाहीत. रेल्वेच्या माणसांना कळवळा नसतो असे नाही. माहिती वेळेवर आणि त्यांना वापरता येईल अशा रूपात मिळत नाही.

झाडीपट्टीकर

अपेक्षेहून अधिक मिळाले. पाणी आणि जनावर यांची मोरी एकच, हा धानाच्या बांधाचा मुद्दा मी आमच्या ग्रामसभेत मांडणार आहे आणि इतर गावांनीही मांडावा. ठरावात आपल्या शिवारातल्या मोऱ्यांची आजची स्थिती, तलावाचा येवा कोठून येतो, जनावरे कोठून ओलांडतात आणि दुहेरीकरणात त्या मोरीचे माप काय हवे, एवढेच असावे. ठरावाची प्रत नागपूरच्या विभागीय रेल्वे व्यवस्थापकांना, संबंधित उपवनसंरक्षकांना आणि विभागीय रेल्वे उपभोक्ता सल्लागार समितीवर आपल्या भागाचे कोणी असेल तर त्यांना द्यावी. रानवेली ताई, गवताच्या आणि खड्ड्यांच्या नोंदीसाठी साधा तक्ता आपण येथे टाकलात तर शाळेतल्या मोठ्या मुलांकडूनही रुळापासून सुरक्षित अंतरावरून काही काम करून घेता येईल.

रानवेली

तक्ता या आठवड्यात टाकते. शास्त्रीय नावांचा आग्रह धरणार नाही. गावात जे नाव चालते ते लिहावे आणि सोबत पानाचे व फुलाचे छायाचित्र जोडावे. ओळख पटवण्याचे काम आम्ही करू.

धानाचा_बांध

ठरावाचे काम मी आमच्या आणि शेजारच्या दोन गावांत करतो. फक्त एक अडचण: जागा कशी सांगायची? "मोठ्या बोडीच्या मागची मोरी" असे लिहिले तर नागपूरच्या साहेबाला काय कळणार?

रूळवाला

मार्ग विजेचा असल्याने तारेच्या प्रत्येक खांबावर क्रमांक असतो. त्यात किलोमीटर आणि त्या किलोमीटरमधल्या खांबाचा क्रम असे दोन्ही दिलेले असते. "अमुक खांब ते तमुक खांब यांमधली मोरी" असे लिहिले की रेल्वेतला कोणीही कागद हातात घेऊन थेट तेथे पोहोचतो. मोऱ्यांवर स्वतःचा पूल क्रमांकही रंगवलेला असतो, तो दिसला तर जरूर लिहा. बोडीचे नावही कंसात राहू द्या, म्हणजे वनरक्षकालाही जागा कळेल.

मात्र क्रमांक टिपण्यासाठी कोणीही रुळावर किंवा भरावावर चढू नये. तो रेल्वे कायद्याखाली गुन्हा आहे आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे जिवावरचे काम आहे. फाटकाजवळून किंवा शेताच्या धुऱ्यावरून मोबाईलच्या कॅमेऱ्याने खांब जवळ ओढून छायाचित्र घेतले तर आकडा वाचता येतो. मोरीच्या तोंडाचे छायाचित्र एक आता, पावसाळा संपता संपता घ्या आणि दुसरे एप्रिलमध्ये त्याच जागेवरून घ्या. पहिल्यात पाणी कोठे तुंबते ते दिसेल, दुसऱ्यात गाळ किती आहे आणि ठसे कोणाचे आहेत ते.

धानाचा_बांध

हे जमेल. धान कापणीला यायच्या आत पहिली छायाचित्रे घेऊन येथेच टाकतो.